अळवात पुरलेली सावधगिरी

मी सरकारी दप्तरात नकला उतरवायचो. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं जसंच्या तसं पुन्हा लिहायचं आणि स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचं. पण माझं डोकं घरी राहायला तयार नसे. माझ्या बैठकीवर येणारे कागद बहुतेक नुकसानीचे असत. कुणाच्या घरी चोरी झाली, कुणाची गवताची गंजी पेटली, कुणी घाटात लुबाडला गेला, कुणाची म्हैस विहिरीत पडली. दिवसभर हे उतरवून संध्याकाळी शनिवार पेठेतल्या माझ्या बिऱ्हाडी परतलो की अंगात इतका शहाणपणा साठलेला असे की ओसरीवर दिसेल त्या माणसाला त्यातला थोडा वाटल्याशिवाय मला जेवण जात नसे.

"प्रवासात अनोळखी माणसाच्या हातचा विडा खाऊ नका," मी सांगायचो. "कुठल्या वाटेनं जाणार ते धर्मशाळेत बोलू नका. समईखाली परात ठेवा आणि परातीत पाणी ठेवा."

लोक मान डोलवायचे. आमचे घरमालक तेवढे डोलवत नसत. ते भिक्षुकी करणारे म्हातारे गृहस्थ होते, आणि पुढच्या चौकातल्या झोपाळ्यावर बसून तपकीर ओढता ओढता सगळं ऐकत. एकदा म्हणाले, "कारकून, तुमच्याकडं इतकी चोरी-आग रोज येते, तर तुम्ही अजून सुखरूप कसे?"

मी हे स्तुती म्हणून घेतलं. बरीच वर्षं तसंच समजत होतो.

माझी बायको माझे सल्ले ऐकत नसे. तिला मतं नव्हती, सवयी होत्या. चूल आटोपली की निखाऱ्यांवर राख ओढायची. आडावर घागर सोडण्याआधी दोराची गाठ बोटांनी चाचपायची. दाराला कडी घातली की ती एकदा ओढून बघायची. तिचे दागिने, म्हणजे पाटल्या, नथ आणि पुतळ्यांची माळ, तांबड्या खणाच्या तुकड्यात बांधून फडताळाच्या खालच्या कप्प्यात असत. दर सोमवारी ती ते गाठोडं उघडायची, पाहायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. मी तिला एकदा विचारलं, "हे दर सोमवारी तेच ते करून काय मिळतं तुला?"

"काही होत नाही, एवढंच मिळतं," ती म्हणाली आणि गाठ आवळली.

मला तिची कीव आली. इतकी साधी जागा! फडताळ! पण बायकांच्या कारभारात मी पडत नसे, म्हणून गप्प बसलो.

त्या वर्षी माघात तिच्या माहेराहून निरोप आला. तिची आई आडाच्या पायरीवरून घसरून पडली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. माहेर जुन्नराकडे, बैलगाडीने दोन मुक्कामांवर. तिचा भाऊ न्यायला आला. वाटेत अंगावर सोनं नको, म्हणून तिने मंगळसूत्र तेवढं ठेवलं, बाकीचं खणात बांधलं आणि फडताळात ठेवलं. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "अहो, गाठोडं आहे तिथंच असू द्यावं. सोमवारी एकदा बघणं झालं म्हणजे पुरे."

"तू निश्चिंत जा," मी म्हणालो. असं म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावं हा सल्ला मी तोवर कुणाला दिलेला नव्हता.

ती गेली त्याच आठवड्यात माझ्याकडे एका चोराची जबानी नकलेला आली. पकडला गेलेला चोर मोठा व्यवस्थित माणूस होता. घरात शिरल्यावर आपण कसकसं शोधतो ते त्याने क्रमाने सांगितलं होतं. आधी फडताळ, मग धान्याच्या कणग्या, मग चुलीमागची भिंत, मग देवघर. "फडताळात निम्म्याहून अधिक काम होतं," असं त्याने म्हटलं होतं, आणि ते वाक्य लिहिताना माझ्या हातातला बोरू थबकला. मला वाटलं, हा माणूस माझ्याशीच बोलतोय.

घरी आलो तो पगडीही न उतरवता फडताळ उघडलं. गाठोडं होतं. मी ते काढलं आणि त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातला सर्वांत उद्योगी दीड महिना सुरू झाला.

पहिली जागा अळवाचा वाफा. आमच्या वाड्याच्या परसात घरमालकांनी अळू लावलं होतं आणि चोराच्या यादीत अळू नव्हतं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी एका पितळी डब्यात गाठोडं घातलं आणि पानांच्या आड पुरलं. चार दिवस छाती काढून चाललो. पाचव्या दिवशी घरमालकांनी वाफ्याला पाटाने पाणी सोडलेलं पाहिलं, आणि डबा ओला होईल म्हणून उपसून काढला. मग माळ्यावर तुळईच्या खाचेत ठेवला. तिथे उंदीर होते. उंदीर सोनं खात नाहीत हे मला ठाऊक होतं, पण खण खातात, आणि खण फाटला तर नथ तुळईच्या फटीत जाईल असं मी मनात चित्र काढलं आणि डबा खाली आणला. मग जात्याच्या खाली. मग माझ्या जुन्या पगडीच्या आत. मग पाणी आटल्यावर पुन्हा अळवात. प्रत्येक जागा आदल्या जागेपेक्षा अधिक चतुर होती, आणि प्रत्येक जागेबद्दल तिसऱ्या दिवशी मला काहीतरी भयंकर सुचत असे.

यातलं मी काहीही कुठे लिहून ठेवलं नाही. दिवसभर लिहिण्यावर पोट असलेल्या माणसाने हे एवढंच लिहिलं नाही, कारण लिहिलेला कागद चोराच्या हाती लागू शकतो. कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलेली गोष्ट फुटते. सगळं डोक्यात ठेवलं. त्या डोक्यावर माझा फार विश्वास होता.

फाल्गुनात बायको परत आली. आईचं हाड जुळलं होतं, पण पाय आखूड झाला होता आणि काठी कायमची लागली होती. दीड महिना उठबस करून ही निम्मी झाली होती. आल्या आल्या तिने फडताळ उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सुरक्षित जागी आहे," मी म्हणालो. "तुला लागेल तेव्हा सांग."

तिने जास्त विचारलं नाही. ती दमलेली होती, आणि पाडवा तोंडावर आला होता. तिने घर झाडून काढलं, भिंती सारवल्या, अडगळ बाहेर काढली. मी आपला बोरू तासत बसलो होतो.

चैत्रात पेठेतल्या एका सरदारांच्या वाड्यावरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. असलं बोलावणं आमच्यासारख्यांना वर्षातून एखादं यायचं. सकाळी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, गाठोडं काढून देणं होईल ना? संध्याकाळी जायचंय."

"हो तर," मी म्हणालो आणि उठलो.

उठलो आणि उभाच राहिलो. कारण मला पाच जागा आठवल्या, आणि शेवटची कुठली ते आठवेना.

मी जातं सरकवलं. जुनी पगडी उलगडली. माळ्यावर चढलो आणि तुळईच्या सगळ्या खाचांत हात घालून कोळिष्टकं घेऊन उतरलो. ती खालून पाहत होती. मी म्हणालो, "मुद्दाम असं ठेवलंय की सहजासहजी सापडू नये." मग मला एकदम खात्री पटली की डबा अळवातच आहे. दोनदा पुरला होता ना! एकच गोष्ट दोनदा केली की ती जास्त खरी वाटते.

भर दुपारी खुरपं घेऊन मी वाफ्यात बसलो. आधी कडेने उकरलं, मग मधे, मग सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अळवाची पानं माझ्या दोन्ही बाजूंना आडवी पडत होती. अंगरखा कोपरापर्यंत चिखलाने भरला होता. तेवढ्यात मागून तपकिरीची शिंक आली.

घरमालक उभे होते. "कारकून," ते म्हणाले, "भाजी करायची असेल तर पानं वरच्या बाजूला येतात."

"वाफा मोकळा करतोय," मी म्हणालो. "मुळांना हवा लागावी म्हणून."

"मुळं बाहेर आली. आता वाफ्याखालच्या पाताळालाही हवा लागतेय." ते जरा वाकले आणि खड्ड्यात पाहिलं. "काय शोधताय?"

खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण गेली किती वर्षं मी या माणसाला सावधगिरी शिकवत होतो. मी म्हणालो, "काही नाही. आपलं सहज."

भर चैत्रात, भर दुपारी, चिखलात गुडघे रोवून सहज उकरणारा कारकून त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. ते आत गेले.

डबा मिळाला नाही. संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं. मग उठली, हातातल्या काचेच्या बांगड्या सारख्या केल्या, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा घातला आणि हळदीकुंकवाला गेली. तिकडे बायकांनी विचारलं तेव्हा "दागिने सोनाराकडं उजळायला दिलेत" असं तिने सांगितलं. हे मला शेजारणीकडून कळलं. माझ्यासाठी ती खोटं बोललेली मला माहीत असलेली ही एकच वेळ.

घरी आल्यावर ती माजघर झाडायला लागली. एकच कोपरा तिने तीनदा झाडला. मी म्हणालो, "आपण पुन्हा शोधू. कुठं जाणार?"

"माळ आईनं दिलेली आहे," ती केरसुणी न थांबवता म्हणाली. "सगळ्या जगापासून लपवलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. माझ्यापासून कशाला लपवलं?"

मी जातं पुन्हा एकदा सरकवून खाली पाहिलं.

इकडे घरमालकांनी एक हिशोब मांडला होता. बिऱ्हाडकरू परसात खणतोय, विचारलं तर सांगत नाही, म्हणजे वाड्यात गुप्तधन आहे आणि याला त्याचा सुगावा लागला आहे. त्यांनी नंतर मला शपथेवर सांगितलं की आपण चावडीवर एक शब्द बोललो नाही. ते चावडीसमोरच्या पारावर बोलले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पेठेच्या चावडीवरचा शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, "बोलावलंय."

गुप्तधन सापडलं तर ते सरकारात जमा करायचं असतं, हा नियम मी स्वतः कितीतरी वेळा सुरेख अक्षरात उतरवला होता. शिपायामागून चालताना तो नियम मला शब्दशः आठवत होता. डोकं अशा वेळी उत्तम चालतं.

चावडीवरचे अंमलदार जाड भिवयांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. "किती सापडलं?" त्यांनी विचारलं.

"काही सापडलं नाही."

"मग काय शोधत होतात?"

आता लपवायला जागा उरली नव्हती. मी बायकोचं माहेर, चोराची जबानी, अळू, तुळई, जातं, पगडी, पुन्हा अळू, सगळं सांगितलं. अंमलदारांनी मधे एकदाही थांबवलं नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या शिपायाने मात्र तोंड फिरवून घेतलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

"म्हणजे," अंमलदार शेवटी म्हणाले, "तुम्ही तुमच्याच घरी चोरी केलीत."

"चोरी असं म्हणता येणार नाही..."

"मालकिणीला न विचारता वस्तू उचलली. लपवली. विचारल्यावर सांगितलं नाही. आणि वर मुद्देमालही गमावलात. अहो, मी इथं बसून पुष्कळ चोर पाहिले. त्यांना निदान माल कुठं ठेवला ते आठवतं."

मी खाली मान घातली.

"जबानी लिहून घ्यावी लागेल," ते म्हणाले. "आमचा लिहिणारा आज आलेला नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. तुम्हीच लिहा."

आणि मी लिहिली. चावडीच्या दौतीतल्या पातळ शाईने, माझ्या मूर्खपणाचा संपूर्ण वृत्तान्त, पाचही जागांसह, सवयीप्रमाणे समास सोडून लिहिला. खाली सही केली. अंमलदारांनी वाचून पाहिली आणि म्हणाले, "शाबास. एक खाडाखोड नाही."

ती जबानी वर पाठवायच्या कागदांबरोबर चार दिवसांनी नकलेसाठी आमच्याच दप्तरात आली. मी त्या दिवशी सकाळी दप्तरात शिरलो तेव्हा बारा माणसं एकाच कागदाभोवती बसली होती, आणि मला पाहून बाराही जण एकदम आपापल्या जागी जाऊन अतिशय मन लावून काम करू लागले. माझ्या बैठकीवर तो कागद नीट ठेवला होता. वर फडणीशीतल्या वडीलधाऱ्या कारकुनांची चिठ्ठी होती. "अक्षर आपलेच असल्याने नक्कल आपणच करावी."

दुपारपर्यंत कुणी मला अळूवडीची कृती विचारली. कुणी म्हणालं, "माझा चाकू दिसत नाही, तुम्ही सुरक्षित ठेवलात का?" मी हसायचा प्रयत्न करत होतो. इतकी वर्षं मी ज्यांना शहाणं करून सोडलं होतं, त्यांनी ते सगळं एका दिवसात परत केलं.

पण त्याच दिवशी दप्तरात कागदी आला होता. हा कसब्यातला मुसलमान कारागीर. नदीच्या अंगाला त्याचं कागद करण्याचं काम होतं. जुनी गोणपाटं आणि दोर कुटून त्यांचा लगदा करायचा आणि त्याचा कागद काढायचा हा त्याच्या घराण्याचा धंदा. दप्तराला तो दर पंधरवड्याला कागदाचे गठ्ठे आणून देई. पांढरी दाढी, कमी बोलणं. तो गठ्ठे उतरवून दारात थांबला होता आणि सगळे कशाला हसतायत ते त्याने कुणाला तरी विचारलं. मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "पंत, उद्या सकाळी घरी असाल का? बाईसुद्धा असाव्यात."

दुसऱ्या दिवशी तो आला, बरोबर त्याचा धाकटा भाऊ. भावाचा एक डोळा नव्हता. दोघे ओसरीवर बसले. घरमालक झोपाळा थांबवून कान देऊन राहिले. बायको माजघराच्या दाराआड उभी होती.

"पंत, वस्तू काय काय होत्या?" कागद्याने विचारलं.

"पाटल्या, नथ आणि पुतळ्यांची माळ. पितळी डब्यात."

"पुतळ्या किती?"

"असतील पंधरा-वीस."

कागद्याने जमिनीकडे पाहिलं. माझ्या चुकीची त्यालाच लाज वाटली असावी.

दाराआडून आवाज आला. "अकरा. एकीचा काठ दुमडलेला आहे. नथीच्या फासाला पांढरा दोरा गुंडाळलाय, टोचतो म्हणून. खण तांबडा, त्याच्या एका कोपऱ्याला शाईचा डाग. तो इकडच्या बोटांचा."

कागद्याने भावाकडे पाहिलं. भावाने मान हलवली. मग कागद्याने काखेतलं धोतराच्या पानाचं बोचकं सोडलं आणि माझा पितळी डबा ओसरीवर ठेवला.

डबा उघडला तर आत खण होता, डाग होता, सगळं होतं. दाराआडून बांगड्या एकदा वाजल्या.

"हा तुमच्याकडं कसा?" मी विचारलं.

"फाटक्या गोणपाटात गुंडाळलेला होता. पेठेत फिरून जुनं गोणपाट घेणारा आहे ना, त्याच्या गाडीतून आला. त्यानं चाळीस घरांतून घेतलेलं. कुणाचं ते त्याला सांगता येईना."

तेव्हा माझ्या डोक्यात सहावी जागा उजाडली. बायको येणार असा निरोप आला त्या दिवशी घाईघाईने मी डबा अळवातून काढला होता आणि जिन्याखालच्या फाटक्या गोणपाटांत गुंडाळून ठेवला होता. चोर कशाला चिंध्यांना हात लावेल!

"पाडव्याच्या आधी मी विचारलं होतं," दाराआडून बायको म्हणाली. "जिन्याखालची गोणपाटं देऊन टाकू का, म्हणून. 'दे, दे. घरात अडगळ ठेवणं धोक्याचं', असं उत्तर मिळालं."

झोपाळ्यावर घरमालकांना ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना.

मी कागद्याला म्हणालो, "पण तुम्हाला तो सापडला कसा? तुमच्याकडं तर गाड्याच्या गाड्या येतात."

"एकेक गोणपाट उलटं करून झटकल्याशिवाय आम्ही भिजवत नाही. आणि झटकताना दोघं असतो, एकटा कुणी नाही." त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला. "पूर्वी झटकत नव्हतो. एकदा दोरात खिळा राहिला. कुटताना उडाला आणि याचा डोळा गेला. तेव्हापासून झटकतो. पाऊस असो, काम खोळंबलेलं असो, झटकतो. सोन्यासाठी नाही करत, पंत. सोनं यंदा पहिल्यांदाच निघालं."

भाऊ हसून म्हणाला, "दोघं असतो म्हणून बरं. एकट्याला सापडलं असतं तर लोक म्हणाले असते अजून काय काय निघालं."

मी त्यांना काही द्यायला लागलो तर कागद्याने हात जोडले. बायकोने आतून डाळ-गुळाची परडी आणि दोन नारळ पाठवले, ते त्याने घेतले. निघताना मला म्हणाला, "मागल्या खेपेला मी दप्तरात तुम्हालाच विचारलं होतं, इथं कुणाचं काही हरवलंय का म्हणून."

मला ते आठवलं. त्याने खरंच विचारलं होतं. मी त्याला जवळ बसवून समजावलं होतं की सापडलेल्या वस्तूबद्दल असं उघड विचारू नये, त्यात मोठा धोका असतो. अर्धी घटका समजावलं होतं.

त्या दिवसापासून घरातल्या जोखमीचा कारभार बायकोकडे गेला. तो तिच्याकडेच होता, मी मधे दीड महिना लूट केली होती एवढंच. गाठोडं फडताळात परत गेलं. नियम दोनच झाले. कुठली वस्तू हलवायची तर दुसऱ्याला सांगून हलवायची, आणि सोमवारी दोघांनी मिळून बघायचं. पहिल्या सोमवारी तिने माझ्यासमोर माळ धरली आणि म्हणाली, "मोजा." मी अकरा मोजल्या. पुढे दर सोमवारी मोजल्या. सुरुवातीला मला हे शिक्षेसारखं वाटायचं. मग केव्हातरी तसं वाटेनासं झालं, आणि एका सोमवारी ती तापाने झोपून होती तेव्हा मी आपण होऊन गाठोडं तिच्या उशाशी नेलं.

तिच्या बाकीच्या सवयी मी तेव्हापासून न्याहाळू लागलो. हौदावरून दुपारचं पाणी आलं की दोन घागरी ती स्वयंपाकाला न घेता दाराशी ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी नवं पाणी आलं की जुनं झाडांना घालून पुन्हा भरे. मी इतकी वर्षं त्या घागरींना अडखळत आलो होतो, पण त्या कशासाठी आहेत ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या आळीत गवताची छपरं आहेत ना."

ती घरमालकिणीपाशी आणि शेजारणींपाशीही बोलली, पण सल्ला म्हणून नाही. चूल कशी झाकायची ते ती सांगत नसे, त्यांच्या स्वयंपाकघरात बसली असताना हाताने झाकून टाकी. हळूहळू वाड्यातल्या चार बिऱ्हाडांच्या दाराशी दोन-दोन घागरी आल्या. काही झालं तर कुणी काय करायचं तेही बायकांनी आपसांत ठरवलं होतं. माझ्या वाट्याला गोठ्यातली गाय सोडणं आलं. याहून नाजूक काम माझ्यावर सोपवू नये असं एकमत झालं असणार.

दोन उन्हाळ्यांनंतर एका सकाळी शेजारच्या वाड्यातल्या गवताच्या छपराने पेट घेतला. वारा आमच्याकडे होता. ओरडा झाला तेव्हा मी अंघोळ करून संध्येला बसलो होतो. बायकोने फडताळातलं गाठोडं कमरेला खोचलं आणि पहिली घागर उचलली. घरमालकीण दुसरी घेऊन तिच्या मागे. वाड्यातल्या आठही घागरी आमच्या गोठ्याच्या छपरावर रिकाम्या झाल्या, तेवढ्यात हौदाकडून माणसं रांगेने पाणी द्यायला लागली.

मी गोठ्यात धावलो. दावं सोडलं. गाय जागची हलेना. मी तिला ढकललं, मग विनवलं, मग समजावून सांगायला लागलो. हो, गाईला. धूर कसा येतो आणि आत थांबणं कसं धोक्याचं आहे ते मी तिला मोठ्याने सांगत होतो असं पुढे घरमालकांनी पेठेत सर्वांना सांगितलं. शेवटी तेच आले, गाईच्या डोळ्यांवर आपलं उपरणं टाकलं, आणि ती मुकाट्याने चालू लागली.

"डोळे झाकले की चालतात," ते म्हणाले. "तुम्हालाही पुढच्या वेळी तसंच नेईन."

शेजारच्यांचं छप्पर आणि गवत गेलं. माणूस कुणी दगावलं नाही. आमच्या गोठ्याची एक बाजू काळवंडली. संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं चौकात बसली होती. अंगाला धुराचा वास होता आणि घरमालकिणीने सर्वांना ताक दिलं. कुणीतरी मला म्हणालं, "पंत, तुम्ही काय म्हणता? पुढं काय काळजी घ्यावी?"

मी घसा साफ केला. खूप सुचत होतं. जळिताच्या इतक्या जबान्या उतरवल्या होत्या, निदान दहा मुद्दे तयार होते. मी बायकोकडे पाहिलं. ती रिकाम्या घागरी गोळा करत होती.

"घागरी भरायला हव्यात," मी म्हणालो, आणि उठून त्यातल्या दोन हौदाकडे घेऊन गेलो.